हाउसफुल्ल आणि तरीही तोट्यात: ऑपेरा कंपन्यांचं गणित कुणी समजावेल का?

मागची_रांग
गेल्या महिन्यात कामासाठी न्यूयॉर्कला गेलो होतो. एक संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून मेट्रोपॉलिटन ऑपेरात (सगळे 'मेट' म्हणतात) 'ला बोएम'ला जाऊन बसलो. आयुष्यातला पहिलाच ऑपेरा. आयडीला जागून अगदी वरच्या मजल्यावर, शेवटून दुसऱ्या रांगेत. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि समोर पॅरिसचा अख्खा चौक! रंगमंचावर दोनशेच्या वर माणसं, शिवाय एक घोडा आणि एक गाढव. एवढा सगळा खटाटोप जेमतेम वीस मिनिटांसाठी. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्लीने उभा केलेला हा प्रयोग १९८१ पासून तसाच चालू आहे म्हणे. थिएटर मला दिसलं तेवढं तरी भरलेलं होतं.

हॉटेलवर येऊन सहज वाचायला घेतलं तर कळलं की कंपनी अडचणीत आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी गंगाजळीतून ३ कोटी डॉलर काढत असल्याचं जाहीर केलं, पुढे आणखी ४ कोटी काढले.

आता माझा पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब बघा. खुर्च्या सुमारे ३,८००. सरासरी तिकीट १५० डॉलर धरू. एका रात्रीचे झाले ५ लाख ७० हजार. वर्षाला २०० प्रयोग धरले तर ११ कोटी ४० लाख. एवढे पैसे जातात कुठे? आणि तिकिटं खपत असतील तर तोटा कसा?

उगाच_एक
पहिला नंबर माझा!
क्षयाने खंगलेली नायिका मीमी मरता मरता जिथे अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं गाते, तिथे जमाखर्च जुळावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

तिसरी_घंटा
गाढवाला मानधन किती, हे आधी कळलं पाहिजे. वाचतेय.

हिशेबनीस
अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या ऑपेरा कंपनीच्या हिशेब खात्यात मी काही वर्षं काढली आहेत (नाव सांगणार नाही), म्हणून थोडं लिहितो.

मागची_रांग (पुढे नुसतं 'मारां' म्हणतो), तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त अर्धाच मांडलाय. मेटचा वर्षाचा खर्च ३० कोटी डॉलरच्या वर आहे. म्हणजे तुम्ही धरलेली प्रत्येक खुर्ची प्रत्येक रात्री विकली गेली तरी निम्मासुद्धा खर्च निघत नाही. तिकीट विक्री हे ऑपेराचं मुख्य उत्पन्न असतं, हीच मुळात गैरसमजूत. अमेरिकेत बहुतेक कंपन्यांची तिकिटं खर्चाचा तिसरा हिस्सा भरून काढतात, कधी त्याहूनही कमी. उरलेलं देणग्यांतून येतं.

पैसा जातो माणसांवर. मेटचा वाद्यवृंद नव्वदेक जणांचा, पगारी कोरस (समूहगायक) ऐंशीच्या घरात. त्यावर नेपथ्य हलवणारे, कपडेपट, रंगभूषा, प्रकाशयोजना, तालमीचे पियानोवादक, प्रमुख गायक आजारी पडला तर उभा करायला तयार ठेवलेला बदली गायक. हा बहुतेक खर्च थिएटर भरलं काय नि रिकामं राहिलं काय, तेवढाच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच ते मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारतात आणि तोच माल कमी माणसांत निघतो. पुच्चिनीने १८९६ मध्ये 'ला बोएम'ला जेवढे वादक लावले तेवढेच आजही लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. व्हायोलिनवाल्याला दुप्पट वेगाने वाजवायला सांगून उत्पादकता वाढत नाही. पण त्याचा पगार मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढवावाच लागतो, नाहीतर तो दुसरं काम धरेल. त्यामुळे खर्च आणि तिकिटं यांच्यातली फट दरवर्षी थोडी थोडी रुंदावत जाते. कुणी चोरी केली नाही तरी.

उगाच_एक
म्हणूनच वादक बसतात त्या जागेला 'खड्डा' म्हणतात तर. सगळे पैसे तिथेच जातात!

राईनकाठची
हिशेबनीस, सुरेख समजावलंत. आता आमच्याकडची गंमत सांगते. जर्मनीत ऐंशीच्या आसपास शहरांत ऑपेरा आहे. जगात होणाऱ्या ऑपेरा प्रयोगांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या या देशात होतात. इथे तिकिटांतून खर्चाचा पाचवा हिस्साही निघत नाही आणि त्याचं कुणाला फारसं वाटतही नाही, कारण बाकीचा भार राज्य आणि नगरपालिका उचलतात. वाचनालय नफ्यात आहे का, असं आपण विचारतो का? तसंच.

पद्धतही वेगळी आहे. इथल्या थिएटरात गायक नोकरीला असतात, महिन्याच्या पगारावर. आज मोत्झार्टमधला नोकर, परवा वॅग्नरमधला पहारेकरी, मुलांच्या नाटकात अस्वल. मी गेली सहा वर्षं सीझनचं तिकीट घेते. ठरलेला वार, ठरलेली खुर्ची, शेजारी त्याच दोन आजी. त्यातली एक प्रत्येक प्रयोगाला "पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणते आणि पुढच्या वर्षीची नोंदणी सगळ्यांत आधी करते.

काडीपेटी
म्हणजे सुखवस्तू आजींच्या करमणुकीसाठी बस ड्रायव्हरने कर भरायचा. वा! ज्यांना ऐकायचंय त्यांनी पूर्ण पैसे मोजावेत. नसेल परवडत तर बंद करा. रॉक बँडला कुणी अनुदान देतं का?

तिसरी_घंटा
आली काडी. जागा धरून बसा मंडळी.

राईनकाठची
काडीपेटी, बस ड्रायव्हरही येतात हो. वरच्या रांगांची तिकिटं सिनेमापेक्षा फार महाग नसतात, आणि ती तशी आहेत ती अनुदानामुळेच. पूर्ण पैसे मोजायची अट घातलीत तर उरतील फक्त तुमचे ते सुखवस्तू.
पण तुमचा अर्धा मुद्दा मान्य. अनुदान आहे म्हणून ढिसाळपणाही चालतो. कोलोनच्या ऑपेराचं नूतनीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये उघडायचं होतं. ते इतकं रखडलं की तो थट्टेचाच विषय झाला. बर्लिनच्या श्टाट्सओपरचं (सरकारी ऑपेरागृहाचं) नूतनीकरणही २०१७ पर्यंत लांबलं आणि खर्च ४० कोटी युरोंच्या घरात गेला. आणि सरकारचा हात कायम सैल राहील असंही नाही. बर्लिनने २०२५ च्या अर्थसंकल्पात संस्कृतीवरच्या खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले. त्या एका शहरात तीन ऑपेरा आहेत, तेव्हा कुणाच्या पोटात गोळा आला असेल ते सांगायला नको.

थेम्सपार
सरकारी हात आखडला की काय होतं ते लंडनमध्ये पाहिलंय. इंग्लिश नॅशनल ऑपेरा म्हणजे सगळं इंग्रजीत गाणारी आणि २१ वर्षांखालच्यांना फुकट तिकिटं देणारी कंपनी. काडीपेटींचा आक्षेप जिच्यावर सगळ्यांत कमी लागू पडतो तीच. २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने तिचं वर्षाचं सुमारे १ कोटी २६ लाख पौंडांचं नियमित अनुदान थांबवलं. लंडनबाहेर बिऱ्हाड हलवलंत तर तीन वर्षांत मिळून १ कोटी ७० लाख देऊ, असं सांगितलं. आरडाओरडा झाला, मुदती आणि रकमा बदलल्या. वाद्यवृंद आणि कोरसमधल्या कपातीच्या निषेधार्थ संगीत दिग्दर्शक मार्टिन ब्रॅबिन्सने २०२३ च्या ऑक्टोबरात राजीनामा दिला. डिसेंबरात नवा पत्ता मँचेस्टर म्हणून जाहीर झाला.

आणि विरोधाभास बघा. इंग्लंडातल्याच ग्लाइंडबोर्नचा उन्हाळी ऑपेरा महोत्सव १९३४ पासून सुरू आहे. साधारण १,२०० खुर्च्या, महाग तिकिटं, मध्यंतर इतकं लांब की लोक हिरवळीवर चादरी अंथरून जेवतात. या महोत्सवाला सरकारी पैसा लागत नाही, त्याचं उत्तम चाललंय. अनुदान मिळायचं ते त्यांच्या गावोगावच्या दौऱ्याला. ते निम्मं झालं आणि २०२३ चा दौरा रद्द झाला. काडीपेटी, तुमचं 'पूर्ण पैसे मोजा' हे प्रत्यक्षात असं दिसतं. हिरवळ राहते, दौरा जातो.

काडीपेटी
दौऱ्याचा मुद्दा लागला. विचार करतो. (हे वाक्य कुणी जपून ठेवू नका.)

पुराणपोथी
ऑपेरा कधीच फक्त तिकिटांवर जगलेला नाही, हे इतिहास बघितला की पटतं. १६३७ मध्ये व्हेनिसला सान कास्सियानो थिएटर उघडलं. पैसे मोजून कुणीही यावं असं ते पहिलं ऑपेरागृह. तिथेही खरा आधार होता तो खानदानी घराण्यांनी वर्षाच्या कराराने घेतलेल्या खासगी कक्षांचा. लंडनमध्ये १७१९ साली संगीतकार हॅन्डेलच्या ऑपेरांसाठी चक्क भागभांडवल उभारून कंपनी काढली. १७२८ मध्ये ती बसली. त्याच्या आदल्या वर्षी दोन प्रमुख गायिकांच्या चाहत्यांनी थिएटरातच राडा घातला होता.

माझा आवडता माणूस मात्र डोमेनिको बार्बाया. कॉफीगृहातला पोऱ्या. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात जुगाराचा मक्ता घेऊन त्याने पैसा केला, मग नेपल्सच्या सान कार्लोचा कारभार हाती घेतला. दिवाणखान्यात रुलेट फिरायचं आणि त्या पैशावर आत रंगमंच चालायचा. १८१५ मध्ये त्याने तरुण संगीतकार रॉसिनीला करारावर आणलं, त्यात जुगाराच्या नफ्यातला वाटाही होता! १८१६ मध्ये सान कार्लो जळालं तेव्हा या गड्याने वर्षभराच्या आत ते पुन्हा उभं केलं. पुढे जुगारावर बंदी आली आणि तो झरा आटला.

प्रेक्षकांच्या पसंतीबद्दलही एक. 'कार्मेन' १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला आलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. तीन महिन्यांत त्याचा संगीतकार बिझे वारला. आज जगात सगळ्यांत जास्त होणाऱ्या ऑपेरांत 'कार्मेन'ची गणना होते, आणि कितीतरी कंपन्या वर्षातली पडझड 'कार्मेन' लावून सावरतात.

उगाच_एक
रुलेटवर ऑपेरा! हिशेबनीस, तुमच्या काळात हे सुचलं नाही का कुणाला?

हिशेबनीस
आम्ही देणगीदारांवर जुगार खेळायचो, तोच पुरे होता.
चेष्टा नाही. देणगीचा आकडा जाहीर होतो, भिंतीवर नाव लागतं, आणि पैसे येतात पाच वर्षांच्या हप्त्यांनी. आले तर. अल्बर्टो व्हिलार नावाचा गुंतवणूकदार एके काळी ऑपेराचा कर्ण समजला जायचा. मेटच्या ग्रँड टियर सज्जाला त्याचं नाव, लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहातल्या फ्लोरल हॉलला त्याचं नाव. मग कबूल केलेली रक्कम येईना. दोन्हीकडची नावं उतरली. २००५ मध्ये अटक, २००८ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरला. भिंतीवर पितळी अक्षरं ठोकताना स्क्रू सैलच ठेवावेत, असं आमच्या खात्यात गमतीने म्हणायचे.

तिसरी_घंटा
+१. शिवाय जो पैसे देतो त्याची आवडही आत येतेच. सिबिल हॅरिंग्टन या टेक्ससच्या तेलवाल्या घरातल्या बाईंनी मेटला कोट्यवधी डॉलर दिले. प्रेक्षागृहालाच त्यांचं नाव आहे. त्यांना पारंपरिक, भरजरी मांडणी आवडायची. मारांनी पाहिलेला घोडा-गाढव छापाचा थाट इतकी वर्षं टिकतो, तो अशा आवडीच्या लोकांमुळेही टिकतो.

अभ्यासू_बाळ
आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचंही हेच झालं नव्हतं का? भरजरी शालू, अत्तरं...

धागापाल
बाळ, विषय चांगला आहे पण स्वतंत्र धागा काढा. इथे एकदा ते सुरू झालं की तीनशे प्रतिसाद होतात आणि ऑपेरा राहतो बाजूला.

अभ्यासू_बाळ
बरं. काढतो. :(

भालदार
तिसरी घंटा यांनी गाढवाचं मानधन विचारलंय, म्हणून हा गोपनीय अनुभव. विद्यार्थी असताना एका ऑपेरा कंपनीत मी 'आयडा'मध्ये भाला धरून उभा राहायचो. तीन आठवडे तालीम, मग सात प्रयोग. विजययात्रेत आम्ही चाळीस सैनिक. पडद्यामागून पळत जाऊन पुन्हा डावीकडून शिरायचो म्हणजे एकशे वीस वाटायचे. मिळायचं ते बसभाड्याला पुरेल इतपत. घोड्याच्या मालकाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मिळतात असं ऐकलं, आणि घोड्याकडे पाहता ते रास्तच वाटलं.

मध्यसप्तक
हसले, पण दुसरी बाजूही लिहिते. माझी धाकटी बहीण स्वतंत्र गायिका आहे, युरोप-अमेरिकेत फिरते. लोकांना प्रयोगामागचा आकडा दिसतो. त्यातून एजंटचा वाटा जातो, प्रवास आणि राहणं बऱ्याचदा स्वतःचंच, आणि तालमीचे पाच-सहा आठवडे वेगळे पैसे नाहीत. घसा बसला, गायली नाही, की त्या दिवसाचं शून्य. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा एका कंपनीने 'दैवी आपत्ती'चं कलम दाखवून झालेल्या तालमींचेसुद्धा पैसे दिले नाहीत. एका रात्रीत पुढचं दीड वर्ष पुसलं गेलं. मेटनेही त्या एप्रिलपासून वादक आणि कोरसचे पगार थांबवले होते. त्यातले किती जण न्यूयॉर्क सोडून गेले.
त्यामुळे 'कलाकार महाग पडतात' हे वाक्य मला टोचतं. महाग पडणारे मूठभर असतात.

हिशेबनीस
मध्यसप्तक, मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात पगार म्हणजे ओझं असा सूर लागला असेल तर तो नको होता.

झोपाळू_रसिक
प्रेक्षकांबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझ्या मते थिएटरं रिकामी केली ती सिनेमागृहांनी. मेटचं थेट प्रक्षेपण २००६ च्या डिसेंबरात सुरू झालं. आता मी चित्रपटगृहात पाय पसरून, गायिकेच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून बघतो. वर कशाला चढू?

राईनकाठची
कारण तिथे तुम्ही स्पीकर ऐकता. ऑपेरात माइक नसतो. एक माणूस नव्वद वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचतो, तो थरार पडद्यावर येत नाही. मारांना विचारा, शेवटून दुसरी रांग होती ना?

मागची_रांग
स्पष्ट ऐकू आलं. माइक नसतो हे मला आत्ता कळतंय!! थोडा वेळ द्या.

थेम्सपार
भाषेचं काय केलंत मारां? पुढच्या खुर्चीच्या पाठीवरची अक्षरं वाचलीत ना? रंगमंचावर भाषांतर दाखवायची सुरुवात टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ मध्ये केली. तेव्हा कित्येक जाणकारांनी 'हा अधर्म आहे' म्हणून गळे काढले. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत नवा प्रेक्षक आणणारी याहून मोठी गोष्ट झालेली नाही, आणि ती तुलनेने स्वस्तातली.

पुराणपोथी
प्रेक्षक म्हातारे झाले, आता ऑपेरा संपणार, हे मी तीस वर्षं ऐकतोय. तीस वर्षांपूर्वीही डोकी पांढरीच होती. ती माणसं गेली, आणि आज बसलेली पांढरी डोकी तेव्हा काळी होती, घरी होती. नवे म्हातारे तयार होत असतात. खरी अडचण वेगळी आहे. हे नवे म्हातारे वर्षाचं तिकीट आगाऊ घेत नाहीत. आठवडाभर आधी ठरवतात, आणि 'तोस्का'सारखा ओळखीचा ऑपेरा असेल तरच.

हिशेबनीस
पोथी, अगदी नस पकडलीत. वर्गणीदार म्हणजे मे महिन्यात हातात आलेले पैसे, आणि अनोळखी ऑपेरालाही भरलेली निम्मी खुर्ची. तो गेला की प्रत्येक प्रयोग नव्याने विकावा लागतो, जाहिरातीचा खर्च वाढतो, धाडस कमी होतं. मग त्याच दहा-बारा ऑपेरांची आलटून पालटून पारायणं.

गंगाजळीचंही सांगायचं राहिलं. शिस्तीत चालायचं तर तिचा वर्षाला पाचेक टक्के भाग वापरायचा. मेटची गंगाजळी जेमतेम वर्षभराच्या खर्चाएवढी होती. त्यातून ७ कोटी मूळ रक्कम उचलणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळायला देणं. न्यूयॉर्क सिटी ऑपेरा याच वाटेने गेली. महापौर ला ग्वार्डियाने जिला 'लोकांचा ऑपेरा' म्हटलं होतं ती, १९४३ मध्ये स्थापन झालेली. आधी गंगाजळी खाल्ली, मग प्रयोग कमी केले, मग घर सोडलं. २०१३ च्या सप्टेंबरअखेर ७० लाख डॉलर हवे होते. इंटरनेटवर झोळी फिरवून १० लाख मागितले, ३ लाखांच्या आसपास आले. ऑक्टोबरात दिवाळखोरी.

काडीपेटी
आणि सॅन दिएगोची ऑपेरा कंपनी? पुढच्याच वर्षी तिथल्या विश्वस्तांनी पैसे पूर्ण संपायच्या आधी मानाने बंद करू म्हणून मतदान केलं. गावाने एवढा गोंधळ घातला की लोकांकडून २० लाखांवर डॉलर जमले आणि दोन महिन्यांत निर्णय फिरला. लोकांना हवं असेल तर लोक देतात. हेच म्हणत होतो मी.

मध्यसप्तक
दिले, पण मरायला टेकल्यावर. दरवर्षी मरून कसं दाखवणार?

व्हिएन्नाप्रेमी
उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचून होईपर्यंत *रुमाल टाकून ठेवतो.*

व्हिएन्नाप्रेमी
हां, वाचलं. आणि रुमालावरून आठवलं! व्हिएन्ना श्टाट्सओपरमध्ये उभं राहून बघायच्या चारशेहून जास्त जागा आहेत, काही थोड्या युरोंत. आत गेलं की आपल्या जागेसमोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायची, मग खुशाल बाहेर फिरून यायचं. जागा तुमची. कुणी हलवत नाही. म्हणजे रुमाल टाकायची प्रथा तिथे आपल्या संस्थळापेक्षा कितीतरी जुनी! जवळजवळ रोज वेगळा ऑपेरा, आणि थिएटर बहुतेक भरलेलं. विद्यार्थिदशेत तिथे उभे राहिलेले लोक पुढे कमावते झाले की खालच्या खुर्च्या घेतात, अशी ती शिडी आहे.

तिसरी_घंटा
हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. रुमालासकट.

मागची_रांग
सगळ्यांचे आभार. आता माझा मूळ प्रश्न जरा फिरवून विचारतो. खुर्ची विकून खर्च निघणारच नसेल, तर तिकीट स्वस्त का करत नाहीत? भरलेलं तरी दिसेल.

हिशेबनीस
केलंय की. ऑपेरा फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये कोणतीही खुर्ची ११ डॉलरपासून पुढे, तुम्हाला वाटेल ती किंमत द्या, असं जाहीर केलं. कल्पना तिथे नव्याने आलेल्या संचालकाची, अँथनी रॉथ कोस्टान्झोची. तो स्वतः गायक आहे. तिकिटं झटपट गेली, आणि घेणाऱ्यांत पहिल्यांदाच येणारे पुष्कळ होते.
पण नीट बघा, मधली फट त्याने बुजवली नाही. उलट उघडपणे रुंद केली आणि देणगीदारांसमोर भरलेलं थिएटर उभं केलं, की बघा तुम्ही कशाला पैसे देताय. रिकाम्या थिएटरला देणगी मागणं फार कठीण असतं, हे मी अनुभवाने सांगतो. दहा वर्षं हे टिकलं तर आमच्या खात्यातले सगळे तक्ते फाडून टाकायला हरकत नाही.

काडीपेटी
११ डॉलरला मीही जाईन. झाली ना सोय.

उगाच_एक
काडीपेटी ऑपेराला! आता पडदा पाडा.

भालदार
मारां, सगळं झालं, पण 'ला बोएम' कसं वाटलं ते सांगितलंच नाहीत.

मागची_रांग
दुसऱ्या अंकात गाढवाने काम चोख केलं. चौथ्या अंकात मीमी गेली तेव्हा रंगमंचावर फक्त पाच-सहा माणसं, एक पलंग आणि थंडी. शेजारी एकटेच आलेले एक आजोबा होते, सगळा वेळ त्यांचं पाकीट चुरचुरत होतं म्हणून मी मनातल्या मनात चिडलो होतो. शेवटी बघितलं तर पाकिटातून कागदी रुमाल काढत होते. एक मलाही दिला.